खाली जाते, वर येत नाही: एका काचेची आठवडाभराची कटकट

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परळीचं लग्न उरकून लातूरला परत निघालो, अंबाजोगाईत चहाला थांबलो तेव्हा ऊन असं की सँडलला डांबर चिकटायलं होतं, आणि बर्दापूर मागं टाकतोय तोवर आभाळ एकदम काळंभोर. तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडचा अवकाळी, आधी धुळीची वावटळ मग टपोरे थेंब मग डायरेक्ट गारा. आणि नेमकं त्याच टायमाला पोरीनं मोसंबीच्या बिया थुंकायला मधल्या दाराची डावी काच खाली घेतली.

"वर कर गं लवकर."
"होईना पप्पा."
"बटण वर ओढ की."
"ओढायलेच की, होईना!"

मी ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणानं वर करून बघितली, काहीच नाही. खाली करून बघितली, काहीच नाही. गाडी कडंला घेतली आणि मागं बघतो तर मावशी लग्नातली जरीची साडी सावरत गारा झेलायल्यात. शेवटी आहेरात आलेले टॉवेल कामाला आले. पाच टॉवेल, एक पंचा आणि खताचं रिकामं पोतं असं सगळं त्या फटीत कोंबलं, वरून मावशीनं हात लावून धरलं आणि रेणापूरपर्यंत तसंच आलो. आहेराच्या टॉवेलचा काय उपयोग असतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

गाडी आमची २००६ ची, सात सीटर डिझेल, सेकंडहँड घेतलेली, कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच, एवढ्या वर्षांत दार किती हजार वेळा उघडलं-झाकलं असंल याचा हिशेब लावा. चारी दाराला पॉवर विंडो. खरं सांगायचं तर मैनाभर आधीपासून ही काच माझ्या बटणानं कधी चालायची कधी नाही, पण आपली सवय असते ना, दुसऱ्यांदा दाबलं आणि चाललं की विसरून जायचं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. पोरगं आलं, दोनदा बटण दाबलं, दारावर बुक्की मारली आणि म्हणालं, मोटार गेली सर, काच मशीनसकट (काच वर-खाली करणारा सांगाडा) सेट टाकावा लागंल, साडेतीन हजार सेटचे, मजुरी वेगळी. मी म्हणलं अरे पण खाली तर जायली होती की काल. तर म्हणतंय, खाली जाताना काच वजनानं जाते, वर ओढायला ताकद लागते, मोटार वीक झाली. आता हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं, आणि पूर्ण चुकीचंही नाही, कार्बन (मोटारीच्या आत करंट पोचवणारे ठोकळे) झिजलेली मोटार असंच करते. बुक्की मारण्यामागंही शास्त्र आहे, बटण दाबून धरायचं आणि दारावर ठोका द्यायचा, मोटार दचकून चालू झाली तर कार्बन संपले समजायचं. पण माझी मोटार ठोक्यानं चालली नव्हती. म्हणून मला पटंना.

कामून पटंना ते सांगतो. नोकरी माझी बँकेत, पण रेणापूर तालुक्यात चार एकर रान आहे आणि त्यात बोअर आहे. बोअरची मोटार बंद पडली की आपण आधी काय करतो? लगेच पाइप काढून मोटार वर ओढतो का? आधी तीन फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि सगळं बघून झाल्यावर नाइलाज म्हणून मोटार वर काढतो, कारण तिथं ती काढायचा खर्च आपल्या बोकांडी असतो. गाडीच्या काचेला मात्र कुणीही सरळ मोटारीवर बोट ठेवतं. मी म्हणलं थांब बाबा, रविवारी घरी बघतो. बायको म्हणाली, "अहो, मागच्या वेळी मिक्सर बघितला होतात तसं का?" त्या विषयावर मी इथं बोलणार नाही.

रविवारी सकाळी लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली आणि आधी चाचांना फोन केला. चाचा म्हणजे आमच्या जुन्या भाड्याच्या घराजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान असलेले, आता डोळ्यामुळं काम बंद केलंय पण डोकं अजून पक्कं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बटन दबाए तो अंदर की बत्ती झुकती क्या नै झुकती?" म्हणजे इंजन बंद ठेवून चावी ऑन करायची, आतला छताचा दिवा लावायचा आणि काचेचं बटण दाबायचं. दिवा जरासा मंद झाला तर मोटारीपर्यंत करंट जायलाय, म्हणजे मोटार तरी अडकलीय नाहीतर काच चॅनेलमध्ये, म्हणजे ती सरकते त्या खाचेत, फसलीय. दिवा जराही हलला नाही तर करंटच जाईना, म्हणजे भानगड वायरीत, बटणात नाहीतर मोटारीच्या संपलेल्या कार्बनमध्ये. जाम झालेली मोटार करंट खातेच, उलट जास्तच खाते.

बघितलं. दाराच्या बटणानं खाली दाबलं, काच आधीच तळाला होती तरी दिवा झुकला. वर ओढलं, दिवा जागचा हलला नाही. ड्रायव्हरच्या बटणानं वर, नाही. खाली, नाही. खाली दाबल्यावर मोटार करंट खायली म्हणजे कार्बन शाबूत, एक रुपया खर्च न करता साडेतीन हजारांचा सेट तिथंच बाद झाला.

आता हे जे चार निकाल आलेत ना, दारावरून खाली हो, दारावरून वर नाही, ड्रायव्हरकडून दोन्ही नाही, यातच सगळं उत्तर होतं. पण ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं दुपारी तीनला.

दार उघडायचं काम तसं सोपं, पण घाईत बिघडतं. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, आर्मरेस्टखाली दोन, आणि मग दाराचं आतलं पॅड चहूबाजूनं प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. त्या क्लिपा जुन्या गाडीत दोन-चार तुटतातच, आधीच पाच-सहा आणून ठेवा, सुटं नाणं देऊन मिळतात. आतमध्ये एक मेणकापड चिकटवलेलं असतं, ते फाडू नका. बऱ्याच मेकॅनिकना ते कचरा वाटतं आणि फेकून देतात. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या आतच उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, ते मेणकापड नसलं की तेच पाणी पॅड भिजवून आत सीटच्या पायाशी येतं. माझ्या दारात ती खालची भोकं काळ्या मातीनं पक्की बुजलेली, तारेनं कोरून काढली तर आतून गढूळ पाणी आलं, त्या दिवशीच्या पावसाचं. शिवाय एक दोनचं नाणं, तीन चिंचोके आणि शेंगदाण्याची टरफलं. हे दार आमच्या घराण्याचा इतिहास सांगत होतं.

आधी मोटारीची शेवटची शंका काढली. मोटारीचा सॉकेट सोडवला आणि बॅटरीवरून दोन वायरी, एकीत फ्यूज टाकून, थेट मोटारीला लावल्या. काच सुर्रकन वर. म्हणजे जराशी कुरकुरत, पण गेली. वायरी उलट केल्या, खाली आली. परत सुलट केल्या, वर घेऊन ठेवली. (तुमच्याकडं पाऊस यायला असंल आणि बाकी काही करायचं नसंल तर इथंच थांबलं तरी चालतं, काच तर बंद झाली. पण मशीनचे बोल्ट काढणार असाल तर काच आधी वर चिकटपट्टीनं फ्रेमला बांधून घ्या, नाहीतर दणकन खाली येते, आणि लेकरांची बोटं लांब ठेवा.)

आता मोटार वर-खाली कशी करते ते, कारण यावाचून पुढचं डोक्यात शिरणार नाही. बोअरच्या मोटारीत तीनपैकी दोन फेज अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, हे आपल्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी चुकून करून बघितलंय. इथं डीसी आहे, दोनच वायरी, प्लस-मायनस उलटं केलं की दिशा उलटी. तिला स्वतःला वर काय अन् खाली काय. बटण काय करतं, तर कुणी हात लावत नसताना मोटारीच्या दोन्ही वायरी मायनसला बसवून ठेवतं. वर ओढलं की एक वायर मायनस सोडून प्लसला जाते, दुसरी तशीच मायनसला राहते. खाली दाबलं की याच्या उलट.

आणि गंमत इथं आहे. मधल्या दाराच्या बटणाला मायनस स्वतःचं नसतं. निदान माझ्या गाडीसारख्या जुन्या जोडणीत तरी नसतं. ते ड्रायव्हरच्या मोठ्या बटणातून येतं, दोन लांब वायरींवरून, फिरून फिरून. म्हणजे मागं बसलेल्यानं आपल्या दाराचं बटण दाबलं तरी करंटाचा परतीचा रस्ता ड्रायव्हरच्या दारातून जातो. त्यामुळं ड्रायव्हरचं बटण खराब झालं तर मागचं बटण चांगलं असूनही काच चालत नाही, आणि लोक मागचं बटण बदलत बसतात. हे कळल्यावर मी स्वतः काय केलं, तर मागचंच बटण बदललं. उजव्या दाराचं काढून डाव्याला लावलं, दोन्ही सारखेच असतात. फरक शून्य. बाकी तीन काचा चालायल्या म्हणजे फ्यूज ठीक, माझ्या गाडीत चारींना एकच आहे. मागचं लॉक करायचं जे बटण असतं ते पण दाबलेलं नव्हतं, असतं तर खालीसुद्धा गेली नसती.

मग मल्टिमीटर काढलं आणि त्या मीटरनं मला दीड तास फसवलं.

बटणाच्या सॉकेटपाशी त्या दोन लांब वायरींचं मायनस बघितलं, पीप मोडवर (जोड असला की मीटर वाजतं) एक टोक वायरीला, एक बॉडीला. पहिली, पीप. दुसरी, पीप. दोन्ही ठीक! मग प्लस बघितलं, साडेबारा व्होल्ट, ठीक! सगळं ठीक आणि काच बंद. जेवायला बसलो तर भाकरीकडं लक्ष नाही, आई म्हणाली गाडीनं काय खाल्लं का तुला, मीठ घे. आणि मीठ घेताना आठवलं की उन्हाळ्यात बोअरवर असंच होतं. मोटार बंद असताना मीटरवर व्होल्टेज झकास दिसतं, आणि बटण दाबलं, लोड आला, की धपकन खाली बसतं. बिनलोडच्या व्होल्टेजवर कुणी पाणी काढत नाही.

पीपचं पण तेच. साधं मीटर बारीकशा करंटनं तपासतं, तीस-चाळीस ओहम असले तरी बिनधास्त पीप वाजवतं. आता समजा वायर आतून तुटलीय आणि दोन गंजलेल्या तारा नुसत्या एकमेकीला शिवायल्यात, दहा ओहम. मीटर म्हणणार जोड आहे. पण साडेबारा भागिले दहा म्हणजे सव्वा अँपिअर, आणि तेवढ्यावर काच उचलणारी मोटार जागची हलत नाही. दिवा पण त्यामुळंच झुकला नव्हता.

मग जुन्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी जोडल्या, एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी या दोन लांब वायरींना आळीपाळीनं. पहिलीवर बल्ब लख्ख. दुसरीवर काजव्यासारखा, लाल ठिपका. पोरगी शेजारी उभी होती, तीच म्हणाली, "पप्पा ही आजारी आहे."

तेव्हा ते सकाळचे चार निकाल जुळले. ही एकच वायर तुटली तर काय होईल? दारावरून वर ओढलं तर मायनस याच वायरीनं परत जाणार, नाही. दारावरून खाली दाबलं तर मायनस दुसऱ्या, चांगल्या वायरीनं जाणार, हो. ड्रायव्हरकडून वर, मायनस इथून, नाही. ड्रायव्हरकडून खाली, प्लस इथून, नाही. अगदी टिच्चून तेच. कागदावर चौकोन आखून दहा मिनिटं बसलो असतो तर दार उघडायच्या आधीच कळलं असतं, पण आपल्याला आधी पेचकस हातात घ्यायची घाई.

वायर कुठं तुटली हे शोधायला डोकं लागलंच नाही. हलती जागा एकच, दाराची बिजागरी. दार आणि मधला खांब यांच्यामध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी जातात, आणि दार उघडताना दरवेळी त्या तिथं वाकतात. काच अर्धी खाली घेतली, दार अर्धवट उघडं ठेवून बटण वर ओढत राहिलो, काच दोन बोटं हलली आणि परत मेली. नक्की झालं. बॅटरीचं टर्मिनल काढलं, नळीचं एक टोक खांबातून ओढून मागं सरकवलं आणि वायरी बाहेर घेतल्या.

बघायला सगळ्या शाबूत. हिरव्या वायरीचं कव्हर कुठंच फाटलेलं नाही. पण एकेक वायर चिमटीत धरून हलकं ओढलं, बाकीच्या घट्ट, आणि ही हिरवी जागच्या जागी रबरासारखी ताणली. आत तांबंच नाही, नुसतं कव्हर. ब्लेडनं सोललं तर आत हिरवट भुकटी आणि दोन केसाएवढ्या तारा. पोरीला दाखवलं, ती म्हणाली एवढंच? एवढंच बाई, एवढ्यासाठी मावशीची साडी भिजली.

जोडताना एक चूक बहुतेक जण करतात, मी पण आधी केली असती, चाचांनी फोनवर अडवलं. तुटल्या जागीच पीळ मारून काळी टेप गुंडाळायची नाही. डाग दिलेली (सोल्डर केलेली) जागा कडक होते, आणि वाकणाऱ्या जागी कडक तुकडा आला की त्याच्या शेजारी परत तुटते, सहा महिन्यात. म्हणून वीतभर नवी वायर घालायची, बारीक जास्त तारांची, मऊ, गाडीचीच, घरातल्या लाइटची नको, आणि तिचे दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दाराच्या आत एक खांबाच्या आत, आणायचे. डाग देऊन वरून तापवली की आकसणारी स्लीव्ह बसवायची. शेजारची निळी पण थोडी ताणली म्हणून तिलाही तेच केलं, तिचे जोड जरा पुढंमागं घेतले, नाहीतर एकाच जागी गाठी होऊन नळीत बसत नाहीत. नव्वद रुपयाचं सामान.

हात घातलाच होता म्हणून काचेचं रबर पण साफ केलं. दोन्ही बाजूच्या चॅनेलमधून ओल्या फडक्यानं जी धूळ निघाली तिनं फडकं चॉकलेटी झालं. इथं ग्रीस लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आपल्याकडची धूळ आणि ग्रीस एकत्र आलं की पॉलिशपेपर तयार होतो, काचेवर उभ्या रेघा पडतात आणि मोटारीवर लोड वाढतो तो वेगळाच. सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, पुसायचा. मोबाइलवर मोजलं, काच वर यायला आधी नऊ सेकंद लागायचे, आता पाच.

संध्याकाळी असं काम जमलं की माणसाला उगीच जोर येतो. माझं लक्ष गेलं डिक्कीच्या दाराकडं. आमचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यावर वायपर आहे, नंबर प्लेटचा दिवा आहे, आणि वायपर चार वर्षांपासून बंद. टोयोटाच्या फोररनरसारख्या गाड्यांत तर मागच्या दाराची अख्खी काच बटणानं खाली दारात उतरते, आणि वायपर कडेला नीट बसलेला नसला तर ती काच उतरतच नाही, म्हणजे तिकडं काच चालंना तर आधी वायपर बघायचा. भारी वाटतं ऐकायला. पण मागची काच उघडी ठेवून गाडी पळवायची नाही, अशा पेटीसारख्या गाड्यांच्या पाठीमागं हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर त्या काचेतून आत ओढला जातो, त्यातल्या वास नसलेल्या विषारी वायूसकट. रानाच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या काचा बंद असूनही मागच्या सीटवर धूळ कुठून येते याचं उत्तर पण तेच, दाराचं रबर ढिलं असलं की पोकळी तिथूनच ओढते.

तर मागच्या दाराची रबरी नळी सरकवली. तीच कथा, दोन वायरी रबरासारख्या ताणल्या, आणि तिसरी तर सरळ दोन तुकडे. उरलेली वायर होतीच, अंधार पडेपर्यंत बसून तीनही जोडल्या. नंबर प्लेटचा दिवा लागला. बायकोला बोलावलं, म्हणलं आता बघ, चार वर्षांनी, आणि वायपरचं बटण दाबलं.

चालला की. खर्रर्र करत काचेवर अर्धगोल रेघ मारली आणि परत जागेवर येऊन बसला. पात्याला रबरच नव्हतं.

बायको म्हणाली, "तो रबर बसवायला पण फोन करायचा का चाचांना?"